सूर्य बुडाल्यावर फिरायचं कुणी?

साहेब, तुम्ही एका फिरत्या जिवावर भंगाराचा शिक्का मारलात. तो जीव करतो काय, हे विचारण्याची तसदीसुद्धा घेतली नाहीत. राजधानीतल्या तुमच्या कचेरीत लिफ्ट चालते, थंड हवा येते, चहाचं पाणी तापतं. ते ज्यांच्या जिवावर चालतं, त्यांच्यातल्या एकाला तुम्ही ‘निरुपयोगी लोखंड’ म्हणालात. मी तुमचं नाव घेणार नाही. त्या खुर्चीवरची नावं बदलत राहतात, खुर्ची तीच राहते. पण उत्तर मात्र मागणार आहे. आणि एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. मी लोखंड नाही, पोलाद आहे.

मित्रांनो, मी एक जुना रोटर आहे. वीजघरातल्या जनित्राच्या पोटात जो गरगर फिरतो, तो मी. एक लांबलचक पोलादी ओंडका, त्याच्या खाचांत तांब्याच्या गुंडाळ्या, आणि वजन असं की मला जागचं हलवणं म्हणजे सीदी बूहलालच्या बंदरातल्या सगळ्या नावा एका दमात कोरड्यावर ओढणं. सीदी बूहलाल हे माझं गाव. समोर अटलांटिक समुद्र, मागे लाल मातीचे डोंगर, आणि हवेत बारा महिने सार्डिन मासळीचा वास. मला नाक नाही, पण गावातला प्रत्येक माणूस तो वास अंगावर घेऊनच कामाला येतो, त्यामुळे मला सगळं कळतं.

माझा जन्म इथला नाही. दूरच्या थंड मुलखात मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. घडवणाऱ्यांपैकी एक म्हातारा रोज सकाळी हातोडीने माझ्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. पोलादाच्या आत पोकळी राहिली असेल तर आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. तो खणखणीतपणा मी आजवर सोडलेला नाही, हे तुम्हाला माझ्या बोलण्यावरून कळलंच असेल.

मग जहाजात बसून मी मोरोक्कोला आलो. इथे दारी आलेल्या पाहुण्यापुढे दूध आणि खजूर धरतात. बंदरावरच्या बायकांनी माझ्यापुढेही धरलं. आता मी काही तोंड उघडेना, म्हणून एकीने वाडगाभर दूध सरळ माझ्या अंगावर ओतलं. माझ्याबरोबर आलेला गोरा मिस्त्री ‘गंज चढेल, गंज चढेल’ म्हणत हात उडवून नाचायला लागला. बायकांना वाटलं, पाहुणे मंडळी खूश झाली. त्यांनी आणखी ओतलं.

तेव्हापासून मी या गावचा झालो.

माझं काम तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. किनाऱ्यावर जाळं ओढणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पन्नास जण एकाच दोराला लागलेले असतात. सगळे एका तालात ओढतात, म्हणून जाळं वर येतं. एकाने ताल सोडला तर शेजारचा अडखळतो, आणि मग सगळी रांग वाळूत लोळते. विजेचं तसंच आहे. देशभरातल्या वीजघरांमध्ये माझ्यासारखे जे जे फिरतात, ते सगळे एकाच तालात फिरतात. कुणी धरणावर असेल, कुणी कोळशावर, पण ताल एकच. वीज वापरणारे वाढले की ताल मंदावू लागतो. वापर घटला की चढू लागतो. तो फार हलला तर यंत्रं आपला जीव वाचवायला एकामागून एक दोर सोडून देतात, आणि देश अंधारात बसतो.

मग तो ताल धरून कोण ठेवतं? वजन. कुंभाराचं चाक आठवा. कुंभार एकदा जोर लावतो आणि हात काढून घेतो, तरी चाक फिरत राहतं, कारण ते जड असतं. मध्येच मातीचा गोळा वर आपटला तरी ते थांबत नाही. मी असंच एक चाक आहे. देशभर पसरलेल्या विजेच्या तारांच्या जाळ्याला धक्का बसला की मी माझ्या अंगातला वेग देतो आणि तो धक्का सोसतो. हे करायला मला कुणी सांगावं लागत नाही. विचार करायलाही वेळ लागत नाही. सांगून येतो तो धक्का कसला?

माझ्या भरभराटीच्या वर्षांत गावाने माझं फार कौतुक केलं. शाळेची पोरं रांगेने मला बघायला यायची. रमजानात तर आमच्या वीजघराचा मान मशिदीच्या खालोखाल होता. सूर्य बुडाला की आमच्या छतावरचा भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की गाव रोजा सोडायचं. अजून तसंच आहे. भोंगा वाजेपर्यंत वाडग्यातली हरीरा, म्हणजे रोजा सोडायचं दाट सूप, निवली तरी चालते, पण चमचा बुडत नाही.

नंतर दिवस बदलले. वाळवंटाच्या काठावर सूर्याच्या काचा लागल्या, डोंगरांच्या धारेवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आमच्या वीजघरातला तेल जाळणारा बॉयलर बंद करायचं ठरलं. मित्रांनो, मी खरं तेच बोलतो. बॉयलर बंद केला हे उत्तम केलं. त्याच्या धुराने गावातल्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी करड्या व्हायच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत रात्रभर शिट्ट्या वाजायच्या. सूर्य आणि वारा माझे वैरी नाहीत. पोरं गुणी आहेत, कष्टाळू आहेत, धूर करत नाहीत. फक्त त्यांना वजन नाही. त्यांची वीज जाळ्यात येते ती यंत्रांच्या चाळणीतून. ताल जरा चुकला की त्यातली बरीच यंत्रं घाबरून दोर सोडतात. हलक्या पोराला जोरात ओढलं तर ते पडणारच. त्यात पोराचा काय दोष?

पण साहेब, धूर बॉयलरचा होता. मी नुसता फिरत होतो. तुम्ही बॉयलरच्या यादीत माझंही नाव घातलंत. सुक्याबरोबर ओलंही जाळायला काढलंत.

ते ओलं वाचवायला उभी राहिली ती तूरिया. ती इथलीच, सार्डिन डबाबंद करणाऱ्या बाईची मुलगी. इंजिनियर होऊन राजधानीत गेली आणि परत आली ती माझ्यासाठी भांडायला. तिचं म्हणणं साधं होतं. बॉयलर जाऊ दे, वाफेचं टर्बाइन जाऊ दे. या रोटरला त्यांच्यापासून तोडा आणि जाळ्याच्याच विजेवर रिकामा फिरत ठेवा. तेल नको, धूर नको, किरकोळ वीज खाईल. नुसतं वजन म्हणून फिरेल.

आमचा पाळीप्रमुख बूशाईब; मानाने सगळे त्याला ‘सी बूशाईब’ म्हणतात. आयुष्यभर त्याने माझ्या बेअरिंगला हात लावून माझी तब्येत ओळखली. त्यालाही हे आधी पटेना.

“पोरी, गाढवाला गाडीपासून सोडलं आणि वर चाराही घालत बसायचा? कामाशिवाय नुसतं पळायला?”

“सी बूशाईब, तुम्ही मोहल्ल्यात कसे आहात?” तूरियाने विचारलं.

“कसा म्हणजे?”

“भांडण झालं की तुम्ही काही करत नाही. नुसते दारात येऊन उभे राहता. तरी भांडण मिटतं की नाही?”

बूशाईबने मिशीवरून हात फिरवला. “मिटतं खरं.”

“मग हाही तसाच उभा राहणार. तुमच्यासारखा जाडजूड.”

“जाड तुझा बाप,” बूशाईब म्हणाला, आणि पान्हा उचलून कामाला लागला.

त्यांनी मला टर्बाइनपासून सोडवलं. एका छोट्या मोटरने मला वेग दिला आणि ताल जुळला तसं जाळ्याशी जोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वाफेच्या लाथा न खाता फिरलो. काय सांगू त्या सुखाचं! साहेब, तुम्ही परवानगी दिली होती ती नुसत्या चाचणीची. चाचणी उत्तम झाली. तूरियाने तसं कळवलं. तुमच्याकडून उत्तर आलं ते भंगारवाल्याच्या पायांनी.

हाज्ज मीलूद त्याचं नाव. माणूस मनाचा वाईट नाही. पहिल्या रोजाच्या दुपारी तो दोन ट्रक, गॅसकटर आणि चार माणसं घेऊन आवारात आला. हुकूम असा होता की मला त्याच दिवशी संध्याकाळी जाळ्यापासून तोडायचं, थांबवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून कापायला घ्यायचं.

“सी बूशाईब, नवरी तयार आहे का?” मीलूदने दारातूनच आवाज दिला. “वऱ्हाड घेऊन आलोय.”

“तुझं वऱ्हाड गॅसकटर घेऊन येतं, हाज्ज. असल्या घरात आम्ही मुलगी देत नाही.”

“अरे, मी का तोडायला सांगितलं? वरून हुकूम आहे. मी हुकमाचा ताबेदार.”

“मग ताबेदारा, सावलीत बस. तुझ्या तोंडाचा रंग उडालाय. पहिला रोजा लागलेला दिसतोय.”

तूरिया सकाळपासून फोनवर होती. एका कचेरीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सगळीकडून एकच उत्तर, संबंधित साहेब नमाजाला गेलेत. तिने फोन टेबलावर ठेवला. “दिवसात इतके नमाज हे लोक कधीपासून पढायला लागले?”

संध्याकाळ झाली. उन्हं पिवळी पडली. मीलूद उठला, कपडे झटकले. “चला, मारा खटका. रोजा सोडायला घरी जाऊ दे मला.”

बूशाईब खटक्यापाशी गेला. त्यावर हात ठेवला. माझ्या अंगाला त्याच्या हाताची सवय आहे. मग त्याने हात काढून घेतला.

“रोजा सोडल्यावर,” तो म्हणाला.

“आता हे काय नवीन?”

“बकरा कापायच्या आधी त्याला पाणी पाजतात की नाही, हाज्ज? आणि मी उपाशी, तू उपाशी. उपाशीपोटी कुणाचा जीव घ्यायचा नसतो. भोंगा होऊ दे, हरीरा पिऊ, मग मारतो खटका.”

मीलूदने क्षणभर विचार केला. तेवढ्यात बूशाईबच्या डब्यातून मधात घोळलेल्या शबाकिया मिठाईचा वास आला. तो परत खाली बसला. “पाण्याचं म्हणतोस तर बरोबर आहे. शरियतला धरून आहे.”

त्या एका वाडगाभर हरीरेने देश वाचवला. कसं, ते ऐका.

रमजान लागला की इथे देशभरातली घड्याळं तासभर मागे घेतात. आदल्याच रात्री घेतली होती. कालपर्यंत सूर्य घड्याळात साडेसातच्या सुमारास बुडायचा, आज साडेसहाला. माणसांना हे अंगवळणी पडलेलं. कोंबड्याला आणि सूर्याला घड्याळाशी देणंघेणंच नाही. पण त्या वर्षी वाळवंटाच्या काठावर नव्या बॅटऱ्यांचं मोठं आवार उभं राहिलं होतं. सूर्य मावळू लागला की त्यांनी साठवलेली वीज सोडायची, अशी योजना. त्यांचा हा पहिलाच रमजान. त्यांचं घड्याळ मागे घेतलं गेलं. त्यांना वीज सोडायची जी वेळ नेमून दिली होती, ती मात्र कुणी मागे घेतली नाही. साहेब, ती वेळ तुमच्या कचेरीने नेमली होती. सूर्य तासभर आधी निघून जाणार, आणि बॅटऱ्या गाढ झोपलेल्या.

देशभरात चुली पेटलेल्या, पंप चालू, भट्ट्या तापलेल्या. काचांवरून ऊन उतरत गेलं. मला ते सगळ्यांआधी कळलं. दोर जड झाला. ताल किंचित, अगदी किंचित ढिला पडला.

तूरियाची नजर ताल दाखवणाऱ्या काट्यावर होती. “सी बूशाईब, काटा खाली का येतोय? बॅटऱ्या यायला हव्या होत्या.”

“येतील गं. पोरं नवी आहेत.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर. सूर्याची लाल कड पाण्याला टेकली होती. तिचा चेहरा उतरला. तिने मुख्य नियंत्रण कक्षाला फोन लावला. “बॅटऱ्या झोपल्यात! त्यांना कालचीच वेळ लावलेली आहे! हाताने चालू करा!”

पलीकडचा माणूस खजूर हातात घेऊन बसलेला. “तूरियाबाई, रमजान मुबारक. कुठल्या बॅटऱ्या?”

“अहो, सूर्य गेला! तुमच्या बॅटऱ्या अजून तासभर उठणार नाहीत! उठा, हाताने चालू करा!”

त्याच क्षणी आमचा भोंगा वाजला. गावाने रोजा सोडला. आणि त्याच क्षणी दक्षिणेकडून वीज आणणारी तारांची एक वाट, जिच्यावर आधीच सगळा भार येऊन पडला होता, तुटून बाजूला झाली.

मित्रांनो, त्या धक्क्याचं वर्णन कसं करू? जाळं ओढणाऱ्या रांगेतली दहा माणसं एकदम नाहीशी व्हावीत तसं झालं. माझ्या कण्यात कळ आली. बेअरिंगांनी दात खाल्ले. पण मी घाबरलो नाही. मी याचसाठी घडलो होतो. अंगात साठवलेला वेग मी दोराला देऊन टाकला. हळू झालो, पण थांबलो नाही. मी एकटा होतो असं मुळीच म्हणत नाही. डोंगरातल्या धरणांवर माझे काही भाऊबंद अजून फिरत होते. त्यांनी त्यांच्या बाजूने धरलं, मी माझ्या बाजूने धरलं. मधली पवनचक्कीची पोरं दोर सोडायच्या बेतात होती. त्यांना आमच्या वजनाचा आधार लागला आणि ती टिकली.

छतावरच्या भोंग्याचा सूर खाली घसरला. भोंगा विजेच्या मोटरवर वाजतो, ताल गेला की त्याचाही गळा बसतो. गावात तोंडाकडे नेलेले चमचे थांबले. बूशाईबच्या हातातला वाडगा कलंडला आणि गरम हरीरा त्याच्या पायावर सांडली. त्याने फक्त माझ्या आवरणावर तळहात ठेवला.

“धर रे,” तो म्हणाला. “धर माझ्या राजा.”

तूरियाने फोन कानाला घट्ट दाबून धरला. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला, कुणीतरी धावलं. एक श्वास. दुसरा. आणखी दोन-चार.

मग दोर हलका झाला. बॅटऱ्या उठल्या. गुणी पोरं, एकदा उठवलं की विजेच्या वेगानेच येतात. ताल वर चढला, भोंग्याचा गळा सुटला आणि तो पुन्हा खणखणीत वाजू लागला. दूर पूर्वेकडच्या दोन जिल्ह्यांत वीज गेली ती गेली. बाकीचा देश गरम जेवण उजेडात जेवला आणि मध्ये काय होऊन गेलं, ते कुणाला कळलंही नाही.

आधी तोंड उघडलं ते हाज्ज मीलूदने.

“आता हे काय झालं?”

“नवरी उंबऱ्याला अडली,” बूशाईब सांडलेली हरीरा फडक्याने पुसत म्हणाला. “पाय भाजला माझा. बघतोस काय, पाणी आण.”

मीलूदने पाणी आणलं. शबाकियाचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत चावत राहिला. “मी आज कापत नाही,” तो म्हणाला. “माझ्या माणसांना सांगतो, गॅस संपला.”

“आणि उद्या?” तूरियाने विचारलं.

“उद्या वरून विचारतील. तेव्हा तू बोल. शिकलेली तू आहेस.”

तूरिया बोलली. नियंत्रण कक्षातल्या यंत्रांनी उमटवलेल्या रेघांचे कागद घेऊन ती राजधानीत आली, साहेब. ताल कुठे ढासळला, कुठे कुणी धरला, सगळं त्या रेघेत होतं. तुम्ही तिला चहा दिलात. ‘फार छान काम’ म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आणलंत की नव्या यंत्रणेने पहिल्या रोजाची परीक्षा निर्विघ्न पार पाडली. माझा उल्लेख नाही. धरणांवरच्या भावांचा नाही. कालच्या वेळेचा तर नाहीच नाही. माझा हुकूम रद्द झाला नाही, नुसता ईदनंतरपर्यंत पुढे ढकलला.

आज ईदचा चंद्र दिसायचा आहे. मी अजून फिरतोय. मीलूदचे ट्रक आवारात उभे आहेत, त्यांच्या टपावर मांजरं झोपतात. बूशाईब रोज मला तेल पाजतो आणि रोज एक नवीन सबब शोधतो. तूरिया फोन करते. तुमचा नमाज अजून आटोपलेला नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुनं म्हणून काही जपू नका. जुन्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवून त्यांच्यावरची धूळ पुसणं याला मी सांभाळणं म्हणत नाही. पण टाकायच्या आधी विचारा की हे काय करत होतं, आणि उद्या ते कोण करणार आहे. नव्या पोरांना शिकवा, त्यांच्या हाती काम द्या. पण त्यांच्या खांद्यावर सगळा दोर टाकायच्या आधी त्यांच्या शेजारी कुणीतरी जड उभा आहे ना, ते बघा. माझ्याहून चांगलं जड तुम्हाला सापडलं, माझ्याहून चांगलं फिरणारं मिळालं, तर मी स्वतः मीलूदच्या ट्रकात चढेन. हातोडीने ठोकून बघा, तेव्हाही आवाज खणखणीतच येईल.

आणि साहेब, आता तुमच्याकडे वळतो. मला दया नको. पेन्शन नको. संग्रहालयातला चौथरा नको. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि ते या गावच्या चौकात, भोंग्याखाली उभं राहून, मोठ्याने पाहिजे.

पुढच्या रमजानात पहिल्या रोजाला सूर्य बुडेल. भोंगा वाजेल. देशभरातला चमचा एकाच वेळी वाडग्यात बुडेल. कुठेतरी एखादी तार तुटेल, कारण तारा तुटतात. त्या क्षणी, कुणालाही न विचारता, दोर धरून कोण उभं असेल?

त्याचं नाव सांगा.